ऑगस्टातलं गार पाणी

१

अजमानमध्ये ऑगस्टात थंड पाण्याचा नळ सोडला की कढत पाणी येतं आणि गरम पाण्याचा सोडला तर गार. नव्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. हसू दे, एकदा तोंड धुवायला गेला की कळेल. टाकी गच्चीवर, वरून ऊन आग ओकतंय, तेव्हा टाकीतलं पाणी थेट अंगावर घ्याल तर कातडी सोलून निघेल. गिझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात. म्हणून मे लागला की इथल्या बायका गिझरचं बटण बंद करतात आणि त्यात निवलेलं पाणी आंघोळीला घेतात. सुमेधा तीस वर्षं हेच करत आली होती. थंड नळाखाली हात पटकन न्यायचा आणि पटकन काढायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या दिवशी सकाळी तिनं तांदूळ धुवायला पातेलं नळाखाली धरलं आणि हात काढायचाच विसरली.

पाणी गार होतं. निवलेलं म्हणू नका, फ्रिजच्या बाटलीतलंही म्हणू नका. बोटांची पेरं ठणकायला लागली, बोट आक्रसून अंगठी खाली घसरली, तेव्हा कुठं तिनं हात मागे घेतला. कऱ्हाडची बाई ती, घाबरायच्या आधी चिडायची.

"काय चावटपणा आहे हा?" ती नळालाच म्हणाली.

नळ वाहत राहिला. असं पाणी आपण कुठंतरी हाताला लावलंय, असं तिला सारखं वाटत होतं. तांदूळ कुकरमध्ये टाकताना आठवलं. जूनमध्ये. मग तिनं गॅस मोठा केला आणि तो विचार बाजूला सारला.

२

जूनमध्ये ती आणि मुरलीधर स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेले त्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा लेक मिहिका चार वर्षांची होती, मुरलीधर रुवैसच्या रिफायनरीत तरुण इंजिनियर होता, आणि कंपनीच्या क्वार्टरमधून बाहेर पाहावं तर वाळू आणि धुराडी. अशा माणसांनी ते हिरवं आणि निळं पाहिलं, वेडीच झाली. यंदा मुरलीधरनं ठरवलं, तेच सगळं पुन्हा करायचं, त्याच क्रमानं. लुसर्न, इंटरलाकेन, ग्रिंडेलवाल्ड, झरमॅट आणि शेवटी माँत्रो. तीच हॉटेलं, तेच बाक, तेच फोटो.

"जरा डावीकडे सरक गं. तेव्हा खांब तुझ्या उजव्या खांद्याला होता."

"अहो, तेव्हा मी त्या खांबाएवढी होते. आता खांब दिसायचा नाही."

मुरलीधर म्हणजे देवमाणूस. एकच खोड. जगात कुणीही दाराबाहेर पडत असेल, तर या माणसाच्या तोंडून 'या हं परत' निघायचंच. पिझ्झावाल्याला, गॅसवाल्याला, एकदा तर तुंबलेलं गटार काढायला आलेल्या माणसाला. झरमॅटच्या हॉटेलात मॅनेजर नुसता खोलीत टॉवेल ठेवून निघाला, तर मुरलीधर त्याला चक्क मराठीत म्हणाला, "या हं परत." तो बिचारा खरंच दहा मिनिटांनी आणखी टॉवेल घेऊन आला. सुमेधा हसून हसून पलंगावर लोळली होती.

आणि एक गोष्ट तिलाही पुन्हा करायची होती. इंटरलाकेनच्या सरोवरातली बोट जिथं जिथं थांबते त्यात एक छोटंसं गाव आहे. त्याचं नाव तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. एक चर्च, चार लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, आणि सरोवरात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्या पायऱ्यांवर बसून तिनं सरोवराची ओटी भरली होती. तिच्या माहेरी रीतच होती ती. कृष्णेला पूर आला की तिची आई घाटावर जाऊन ओटी भरायची, आणि लेकीला सांगायची, मोठं पाणी ओलांडलंस की त्याला रिकामं सोडून यायचं नाही. म्हणून सुमेधानं दुबईहून नारळ नेला होता, तांदूळ नेले होते, हळदकुंकू नेलं होतं आणि एक हिरवा खण. खणाला हॉटेलच्या इस्त्रीचा चटका बसला, पण दुसरा होता कुठं? तोच वाहिला. मुरलीधर पोलीस येतो का ते बघत उभा होता. नारळ डुलत डुलत लांब गेला आणि छोटी मिहिका टाळ्या पिटत होती.

ओटी भरता भरता सुमेधाला त्या पाण्याची दया आली होती. चारी बाजूंनी डोंगर, सासू, सासरे, दीर, नणंदा कमरेवर हात ठेवून उभे असल्यासारखे. या बिचारीला माहेर कुठलं असणार? तिच्या तोंडून सहज निघून गेलं होतं, "ये हो आमच्याकडे माहेरपणाला."

यंदा ती तिथंच बसली. नवा नारळ, नवा खण. "आली नाहीस तू," ती लटक्या रागानं पाण्याला म्हणाली. "तेव्हा आम्ही वाळवंटात होतो म्हणून आली नसशील. आता अजमानला ऐसपैस घर आहे. ऑगस्टात माझी मिहिका यायचीय पहिल्या बाळंतपणाला. तूही ये. दोघी बहिणी मजेत राहा."

वारा नव्हता, जवळपास बोट नव्हती. तरी पाणी एक पायरी चढलं आणि तिच्या घोट्यांवरून गेलं. तिनं नारळ पाण्यात सोडला.

नारळ बुडाला. लहानपणापासून तिनं पाण्यात नारळ सोडलेले पाहिले होते, एकही बुडाला नव्हता. हा मात्र कुणी हातातून घ्यावा तसा सरळ खाली गेला.

"सडका असेल," मुरलीधर म्हणाला. "चल, बोट येईल." निघताना त्यानं पाण्याकडे बघून हात हलवला.

३

"चिलर बसवला असेल टाकीला," मुरलीधर रुवैसहून फोनवर म्हणाला. आठवडाभर तो तिथं असायचा, शुक्रवारी संध्याकाळी गाडी हाकत अजमानला यायचा. "हल्ली नव्या बिल्डिंगांत बसवतात. मॅनेजमेंटला एकदाची अक्कल आली. फक्त भाड्यात लावू नयेत म्हणजे मिळवली, इन्शाल्ला."

सुमेधाला ते पटलं. पटायला हवंच होतं. तिनं नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, हाक मारली. मिथुन वर जाऊन आला, शर्ट पिळून काढावा इतका घामानं भिजलेला.

"टाकी में तो आग है भाभी. चिलर-विलर कुछ नहीं."

मग ती शेजारी खतीजाकडे गेली. खतीजा रत्नागिरीकडची, नवऱ्याचं शारजाला मसाल्याचं दुकान. दोघींची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून, एकाच पाइपावर. खतीजानं दार उघडलं आणि आधी आपली लाल झालेली बोटंच दाखवली.

"कसला चिलर गो? सकाळी भाजलं माझं. तुला मस्करी सुचतेय काय?" मग ती दारातच रेंगाळली. "बरं, ती तुझी दुसरी पावणी कोण?"

"दुसरी कुठली? मिहिका आलीय."

"मिहिका मला ठाऊक हाय गो, शाळेत जायची तवापासून. दुसरी. दुपारची तू निजतेस ना, तवा न्हाणीत दोघी हसत असतात. मला वाटलं तुझ्या जावयाची बहीण आलीय."

"फोनवर बोलत असेल मैत्रिणीशी."

"असेल," खतीजा म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं. एरवी चहा घेतल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे.

सुमेधा आपल्या दारात थोडा वेळ उभी राहिली. फोनच असणार. आजकालच्या मुली फोन घेऊनच जातात आंघोळीला. आत जाऊन तिनं पाहिलं तर मिहिकाचा फोन जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला होता. आणि न्हाणीघरात पाणी पडत होतं.

४

मिहिकाचं घर दुबई मरीनाला, चाळिसाव्या मजल्यावर. नवरा वेदांग आणि ती, दोघं तिथंच ऑफिसला. मरीनाहून अजमान म्हणजे ट्रॅफिक नसेल तर तासभर, तरी पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर सुमेधा अडून बसली होती. सातवा लागला तशी लेक बॅग घेऊन आली. मुलगी होणार हेही कळलं होतं, इथं डॉक्टर सांगतात. डोहाळजेवणाची हिरवी साडी कपाटात आणून ठेवलेली होती.

ही मिहिका लहानपणी गार पाण्याला जाम घाबरायची. त्या सरोवरात पाय बुडव म्हटलं तर तिनं गाव गोळा केलं होतं. आणि आता ती दुपार दुपार टबात बसून राहायची.

"अगं, हे कसले डोहाळे? चिंच माग, भेळ माग. गार पाण्यात काय बसतेस?"

"आई, इट्स नॉट कोल्ड. आय फील सो लाइट इन इट."

"ओठ निळे पडलेत तुझे."

"यू वरी टू मच." मिहिका हसली. छान हसली, पण तिचं लक्ष आईच्या खांद्यावरून मागे कुठंतरी होतं.

रोज संध्याकाळी सुमेधा तिच्या पायांना कोमट तेल चोळायची. पहिले काही दिवस पाय लगेच ऊब धरायचे. मग वेळ लागायला लागला. गुरुवारी तिनं हात दुखेपर्यंत चोळलं तरी टाचा गार त्या गारच राहिल्या.

"शी'ज सो क्वाएट टुडे," मिहिका पोटावर हात ठेवून म्हणाली.

 त्याच पावली सुमेधानं टॅक्सी बोलावून लेकीला डॉक्टरकडे नेलं. ठोके नीट आहेत म्हणाली डॉक्टर. गार पाण्यात बसू नका, पोटातली हालचाल कमी वाटली तर तडक या. बरं, ठीक. घरी आल्यावर सुमेधानं न्हाणीघराला कुलूपच घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आता बघते कोण बसतं ते.

मग ती कपडे काढायला बाल्कनीत गेली. बाहेर भट्टी पेटलेली. तिथं जीन्स टाकली तर चहा होईतो वाळते. स्टँडवरचे टॉवेल पापडासारखे कडक झाले होते. त्यांच्यामध्ये एक हिरवा खण होता, ओलाचिंब. थेंब थेंब पाणी गळत होतं आणि खालच्या तापल्या फरशीवर त्याचं डबकं साचलं होतं.

तिनं तो खण घरात घेतला नाही. नुसता उलगडून पाहिला. एका कोपऱ्यात इस्त्रीचा चटका होता, तपकिरी, तिच्या अंगठ्याएवढा.

बुद्धीनं आपलं काम केलं. खण हिरवेच असतात. चटके कशालाही बसतात. वरच्या मजल्यावरून उडून आला असेल. सुमेधानं हे सगळं स्वतःला नीट समजावलं, खण पिळला, पुन्हा वाळत घातला. दुसऱ्या दिवशी पाहिला तर तो तसाच ओला होता, आणि त्याला शेवाळाचा आणि थंड दगडाचा वास येत होता.

माहेरवाशिणीचा आहेर आहे हा, तिच्या मनात आलं. आली की आधी कपडे वाळत घालते. आपण नाही का घालत?

तिला भीती वाटली. खोटं कशाला बोला, चांगलीच वाटली. पण त्या भीतीच्या मागोमाग संतापही आला, आणि सुमेधाचा संताप भीतीपेक्षा नेहमीच अंगानं थोर होता.

५

शनिवारी मुरलीधर घरी होता. त्यानं किचनच्या नळाखाली हात धरला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आहाहा! सुमेधा, झरमॅट आठवलं बघ! आणि तू तक्रार करतेस?"

"अहो, खतीजाकडे उकळतंय. तिच्याकडे आणि आपल्याकडे पाइप एक आहे. तुम्ही इंजिनियर ना? सांगा मला कसं ते."

मुरलीधरनं भुवया चढवल्या, पाइपावर टकटक केलं, "प्रेशर डिफरन्स असू शकतो," असं काहीतरी पुटपुटला. खण दाखवला तर म्हणाला, खण आहे. शेवटी तो तिच्याजवळ आला, पाठीवर हात ठेवला. "तू थकलीयस. लेकीचं पहिलंच आहे. जरा पड दुपारी."

जेवण झालं. डब्यातला आमरस होता. मुरलीधरनं दोनदा घेतला आणि बाहेरच्या दाराजवळच्या सोफ्यावर, समोर क्रिकेट लावून, पाच मिनिटांत घोरायला लागला. सुमेधा आपल्या खोलीत गेली, दार लोटलं. पण पडली नाही. दाराशी खुर्ची ओढून बसली.

दुपार अशी होती की पडद्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा डोळ्यांना बोचावा. भुतंखेतं असल्या उजेडात येत नाहीत, असं तिची आई म्हणायची. सुमेधा स्वतःशीच म्हणाली, भूत कोण म्हणतंय? भुताला मी बोलावलं असतं का?

आधी कुलपाचा आवाज झाला. किल्ली तिच्या कमरेला होती. मग नळ सुटला. मग बराच वेळ काही नाही, फक्त टीव्हीवरची टाळ्यांची लाट. आणि मग दोघी हसल्या. एक हसणं तिच्या ओळखीचं होतं, तिनंच ते जन्माला घातलं होतं. दुसरं अगदी हलकं, पाण्याच्या आत कुणी हसावं तसं.

एसीच आहे, तिनं स्वतःला बजावलं. डक्टमधून आवाज येतात कुठलेकुठले. पण मग पाणी हलल्याचा आवाज यायला लागला. चुबुक, चुबुक, दगडावर पाणी आपटतं तसा. न्हाणीघरात प्लास्टिकचा टब होता. त्यात दगडी पायऱ्या कुठून आल्या?

"मिहिका!" तिनं हाक मारली. "बाहेर ये! बाळ हललं का आज?"

हसणं थांबलं. उत्तर आलं ते झोपेतल्यासारखं. "नॉट सिन्स मॉर्निंग, आई. इट्स ओके. शी'ज टेकिंग हर. जस्ट फॉर अ व्हाइल."

"कोण नेतंय? कुणाला?"

"शी सेज शी हॅज नो वन देअर."

६

खुर्ची कुठं पडली आणि दार कसं उघडलं हे सुमेधाला नंतर आठवेना. न्हाणीघरात श्वासाची वाफ दिसत होती. मिहिका टबात मान टाकून पडली होती, गाऊन पाण्यावर फुगलेला, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. पाणी काठोकाठ भरलेलं आणि काळंभोर, तळ दिसत नव्हता. एवढ्याशा टबात तळ दिसत नव्हता.

शॉवरचा अर्धा पडदा ओढलेला होता. पडद्याच्या पलीकडे, मिहिकाच्या पायाशी, कुणीतरी गुडघे जवळ घेऊन बसलं होतं. सुमेधाला दिसला तो एक हात. पडद्याखालून आलेला, दुधासारखा पांढरा, मिहिकाच्या पोटावर हलकेच ठेवलेला. आणि पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबात एक कपाळ, त्यावर ठसठशीत कुंकू. पंचवीस वर्षं पाण्यात राहूनही न विरघळलेलं.

त्याहून जास्त तिनं पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं तिला. तिला तो हात दिसला तेवढा पुरे होता.

"काढ तो हात," सुमेधा म्हणाली.

पाणी स्तब्ध झालं.

"काढ म्हणते ना! मी बोलावलं तुला, कबूल. दोनदा बोलावलं, मानानं बोलावलं. राहायला बोलावलं, माझ्या लेकीचं लेकरू न्यायला नाही! पाहुणी आहेस की चोर?" तिचा आवाज चढतच गेला. "एकटी आहेस, माहीत आहे मला. मला दया आली म्हणून तर ओटी भरली तुझी. त्याचे असे पांग फेडतेस होय? माहेरवाशीण आईनं दिलेलं घेऊन जाते. कपाटात हात घालून नेत नाही!"

हात हलला नाही. मिहिकाचे ओठ मात्र आणखी निळे झाले.

"नाही ना ऐकत? थांब. पाठवणीच करते तुझी."

ती धावली. देवघरातला नारळ घेतला, पसाभर तांदूळ, हळदकुंकवाची कोयरी. खण हवा होता. तिनं कपाट उघडलं आणि डोहाळजेवणाची हिरवीगार साडी, घडीही न मोडलेली, ओढून काढली. परत येऊन टबाच्या कडेला गुडघे टेकले. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, साडी सोडली. "घे. लेकीसाठी आणली होती, ती तुला दिली. मोठ्या लेकीचा मान दिला. आता नारळ घे, आणि नीघ. माझी मिहिका आणि तिचं बाळ माझं आहे. एक केस सोडणार नाही मी तुला. काय करशील ते कर!"

तिनं नारळ पाण्यात धरला आणि दुसऱ्या हातानं मिहिकाचं बखोट पकडलं. पाणी मनगटापर्यंत चावत होतं. नारळ कुणीतरी खालून ओढला. तिनं सोडला नाही. "आधी हात काढ." ओढ वाढली. "आधी हात!"

पडद्याच्या कड्या किणकिणल्या. आणि नारळ तिच्या हातातून गेला.

टब रिकामा झाला तो भोकातून नाही. पाणी कडेवरून उतरलं, एका बारीक धारेनं न्हाणीघराचा उंबरठा ओलांडून पॅसेजमध्ये गेलं. घराचा उतार न्हाणीकडे होता, मुरलीधर त्यावरून बिल्डरला नेहमी नावं ठेवायचा. धार उतार चढून हॉलमध्ये निघाली होती. सुमेधानं लेकीला टॉवेलात गुंडाळून भिंतीला टेकवलं आणि धारेच्या मागोमाग गेली. सोफ्यावर मुरलीधर घोरत होता. धार त्याच्या चपलांना वळसा घालून बाहेरच्या दाराशी पोचली.

सुमेधानं दार उघडलं. कॉरिडॉरमधला कढत वारा आत आला.

पाणी उंबरठ्याशी थांबलं.

थांबलं आणि जाईना. नुसतं थरथरत राहिलं. सुमेधाला कळलं ते कशासाठी थांबलंय. माहेरवाशीण दारात थांबते, मागे वळून बघते, आणि आई म्हणते, ये हो परत. ते ऐकल्याशिवाय कुठली लेक पाऊल उचलते?

सुमेधानं ओठ घट्ट मिटले. दातांनी धरले. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, का कोण जाणे, त्या थरथरणाऱ्या पाण्याकडे बघून जीव तुटला. पण मागे न्हाणीघरात लेक कण्हत होती. बोलणार नाही, ती मनात म्हणाली. मेले तरी बोलणार नाही. नीघ तशीच.

पाणी मागे सरकलं, बोटभर. मग पुन्हा पुढे आलं. त्याचा एक पातळ पापुद्रा उंबरठ्यावर चढला, आता पलीकडे उतरणार, एवढ्यात वाऱ्याची झुळूक सोफ्यापर्यंत पोचली. मुरलीधरनं कूस बदलली. डोळे न उघडताच, कुणीतरी निघालंय एवढंच त्याच्या झोपेला कळलं असावं.

"निघालात?" तो गोड आवाजात म्हणाला. "या हं परत!"

पाणी आनंदानं उसळून उंबरठ्यापलीकडे गेलं.

७

कॉरिडॉरच्या फरशीवर घटकाभर ओल दिसत होती, जिन्याकडे जाणारी, मग तीही सुकली. किचनमधला नळ कुणी बंद केला नव्हता, त्यातून वाफा निघायला लागल्या. "आई!" मिहिका आतून ओरडली, मराठीतच ओरडली, लहानपणी ओरडायची तशी. "आई, लाथ मारली तिनं! जोरात!"

सुमेधा तिला मिठीत घेऊन ढसाढसा रडली. मग उठून मुरलीधरला गदगदा हलवलं, गाडी काढायला लावली. हॉस्पिटलात सगळं ठीक निघालं. वाटेत मुरलीधरनं विचारलं, "दुपारी कोण आलं होतं गं? मला वाटतं मी काहीतरी बोललो."

 तीस वर्षांचा संसार होता म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी तो माणूस वाचला नसता.

मुलगी झाली, गुटगुटीत, कोमट पायांची. बारशाला वेदांगच्या आईनं रेवा सुचवलं, गोदा सुचवलं. "पाण्याचं नाव नको," सुमेधा असं काही म्हणाली की पुन्हा कुणी विषय काढला नाही. रिद्धी ठेवलं.

आता पुन्हा ऑगस्ट लागलाय. मिहिका लेकीला घेऊन चार दिवसांसाठी आलीय. 'ते' दोन शब्द उच्चारायची मुरलीधरला घरात सक्त मनाई आहे. पिझ्झावाला निघाला की बिचारा ओठ आवळून छताकडे बघत राहतो. का ते त्याला अजून कळलेलं नाही.

काल तोच म्हणाला, "सुमेधा, अजून एकदा जाऊ या का? त्या सरोवराकाठी? मला ते गाव फार आठवतं."

"आपण कशाला जायचं?" ती म्हणाली. "तुम्ही बोलावलंय ना."

"कुणाला?"

 बाहेरच्या दारामागच्या कपाटात तिनं एक साडी ठेवली आहे, तांदूळ आहेत, हळदकुंकू आहे. नारळ सुकायच्या आत ती बदलते. आपल्याला काय काय बोलायचं आहे, तेही तिनं मनाशी ठरवून ठेवलंय. गेल्या खेपेला घाईत बरंच राहून गेलं होतं.

आज सकाळी तिनं रोजच्यासारखा थंड नळाखाली हात धरला. पोळला. पण कालच्यापेक्षा जरा जास्त वेळ धरवला. रिद्धी रांगत रांगत न्हाणीघराकडे निघाली होती. सुमेधानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि ओढणी कमरेला खोचली.

"ये," ती नळाला म्हणाली. "मी घरीच आहे."